अदृश्य शत्रू नेमका कुठे आहे, हे खेळाडूंना कधी कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक, चार खेळाडू आणि नुकताच खेळ चालवायला लागलेला डीएम, म्हणजे डंजन मास्टर. मागच्या सत्रात त्याने इनव्हिजिबल स्टॉकर हा कायम अदृश्य असणारा राक्षस आणला आणि जाहीर केलं, ‘तो अदृश्य आहे, कुठे आहे ते कुणालाच कळणार नाही, प्रत्येकाने नकाशावरचा चौकोन सांगायचा आणि हल्ला करायचा.’ पुढचे दोन तास चौघंही हवेत तलवारी फिरवत राहिले. त्यातला एक खेळाडू म्हणतो, स्टॉकरने हाइड ॲक्शन, म्हणजे आपली पाळी लपण्यासाठी खर्च करणं, घेतलीच नव्हती, म्हणजे त्याची जागा आम्हाला माहीत असायलाच हवी होती. डीएमचं उत्तर असं, की मग अदृश्य असण्याचा उपयोग काय? दोघांपैकी बरोबर कोण? आणि तोच स्टॉकर पुढच्या शनिवारी परत येणार आहे, तेव्हा काय करायचं?

नियम काटेकोर वाचला तर तुमचा खेळाडू बरोबर आहे. पण डीएम म्हणून तुम्हाला जे खटकलं तेही खरं आहे, आणि त्यालाही नियमात जागा आहे. मी तीन-पाच (३.५) आवृत्तीच्या दिवसांपासून खेळ चालवतोय. अदृश्य प्राण्यावरून टेबलावर जितके वाद झालेले पाहिले तितके दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवरून पाहिले नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहानपणी आपण आंधळी कोशिंबीर खेळलो ते आठवा. ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या डोळ्यांवर घट्ट पट्टी. त्याच्यापुरती बाकीची सगळी पोरं अदृश्यच. तरी तो कुणाला ना कुणाला पकडतोच, कारण फरशीवर पावलं वाजतात, कुणाला तरी हसू आवरत नाही, कुणी सरकताना खुर्चीला धक्का लागतो. त्याला माणूस दिसत नाही, पण ‘उजवीकडे, दोन हातांवर’ एवढं कळतं. मग एखादं हुशार पोर भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभं राहतं, आणि तेव्हा मात्र राज्य घेणारा खरोखर हरवतो. पाचव्या आवृत्तीचा सगळा नियम या खेळात आहे. डोळ्यांवरची पट्टी म्हणजे अदृश्य असणं. श्वास रोखून उभं राहणं म्हणजे हाइड ॲक्शन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या सत्रात त्या एक समजल्या गेल्या.

२०१४च्या पुस्तकात अदृश्य स्थितीचं वर्णन अगदी छोटं आहे. जादू किंवा विशेष इंद्रिय असल्याशिवाय असा प्राणी दिसत नाही. लपण्यापुरतं तो दाट धुक्यात उभा आहे असं धरायचं, म्हणजे आडोसा नसला तरी त्याला लपायचा प्रयत्न करता येतो. त्याच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज, म्हणजे वीस-बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. त्याच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज, म्हणजे दोनातला मोठा. आणि याच वर्णनात असंही म्हटलंय, की त्याने केलेल्या आवाजावरून किंवा मागे सोडलेल्या खुणांवरून त्याची जागा ओळखता येते. हे वाक्य वाचायचं राहून जातं, बहुतेक वेळा घाईत. ‘लपलेला’ या शब्दाचा अर्थही पुस्तक लढाईच्या प्रकरणात सांगतं: जो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही तो. अदृश्यतेने यातली अर्धीच अट पुरी होते. उरलेल्या अर्ध्यासाठी स्टेल्थचा, म्हणजे चोरपावलांच्या कौशल्याचा, फासा टाकावा लागतो आणि तो समोरच्यांच्या पॅसिव्ह पर्सेप्शनच्या, म्हणजे फासा न टाकता धरायच्या सावधपणाच्या आकड्याच्या, वर जावा लागतो.

म्हणून मी टेबलावर नेहमी तीन प्रश्न वेगळे ठेवतो. इथे कुणीतरी आहे हे कळलं का? तो कोणत्या चौकोनात आहे हे कळलं का? आणि त्याच्यावर नीट नेम धरता येतो का? अदृश्यता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बिघडवते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आवाज, वास, खुणा आणि लपण्याचा प्रयत्न यांवर ठरतात. तुम्ही तिन्हींना एकदम ‘नाही’ म्हणालात, आणि तिथेच लढाई बसली.

किती बसली ते आकड्यांत सांगतो. समजा तुमच्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, एरवी साठ टक्के वेळा घाव लागतो. चौकोन माहीत असेल तर डिसॲडव्हांटेजने हे छत्तीस टक्क्यांवर येतं. हे बरंच खाली आहे, पण यात खेळता येतं. तीन फेऱ्यांत एक घाव बसतो. आता चौकोन माहीत नाही आणि स्टॉकर आजूबाजूच्या आठपैकी कुठल्या तरी एका चौकोनात आहे असं धरा. आठात एक, त्याचे छत्तीस टक्के, म्हणजे साडेचार टक्के. बावीस वार केले तर एक लागायचा. तोही स्टॉकर शेजारीच आहे आणि हवेत वर गेलेला नाही असं धरून. डिसॲडव्हांटेजची सगळ्यांना भीती वाटते, पण खेळाडूंचं कंबरडं मोडतं ते चौकोन माहीत नसल्यामुळे. म्हणून ‘चौकोन कळला की नाही’ हा निर्णय डीएमने सर्वांत विचारपूर्वक घ्यायचा असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे: मग अदृश्य असण्याचा उपयोग काय? भरपूर आहे. स्टॉकरचाच हिशोब मांडू. त्याला १०४ हिट पॉइंट्स (मार सोसायची ताकद) आहेत, वेग पन्नास फूट, उडतानाही पन्नास फूट आणि हवेत तरंगता येतं. स्टेल्थला अधिक दहा. एका ॲक्शनमध्ये तो दोन तडाखे मारतो, प्रत्येकी सरासरी दहाचे. इनव्हिजिबिलिटी मंत्रासारखं हल्ला केला की उघडं पडणं त्याला लागू नाही, तो जन्मजात अदृश्य आहे. दोन्ही तडाख्यांना ॲडव्हांटेज. शिवाय ऑपॉर्च्युनिटी अटॅकसाठी, म्हणजे दूर निघालेल्या शत्रूवर फुकट करायच्या वारासाठी, समोरचा दिसावा लागतो, त्यामुळे तो तडाखे मारून पन्नास फूट निघून गेला तरी कुणाला वाटेत वार करता येत नाही. मॅजिक मिसाइल, सेक्रेड फ्लेम असे ‘जो तुला दिसतो तो’ अशी अट असलेले मंत्र त्याच्यावर चालत नाहीत. जागा उघडी असतानासुद्धा हे सगळे फायदे त्याच्याकडे आहेतच.

त्याला अडवणारी गोष्ट एकच: त्याच्याकडे फेरीत एकच ॲक्शन आहे. ती तडाख्यांना वापरली तर लपता येत नाही, लपायला वापरली तर तडाखे नाहीत. ‘रोग’ (Rogue, चोरटं पात्र) याच्यासारखी बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीत, लपायची सोय त्याच्याकडे नाही. लपला तर अधिक दहामुळे फाशावर ५ पडले तरी बेरीज १५ होते, आणि तुमच्या चौघांपैकी बहुतेकांचं पॅसिव्ह पर्सेप्शन त्याखाली असेल; म्हणजे तो जवळपास नेहमीच यशस्वी होईल. पण त्या फेरीत त्याने कुणाला दुखावलेलं नसतं. आणि लपलेल्या अवस्थेतून पुढच्या फेरीत हल्ला केला, की लागो वा न लागो, त्याची जागा उघडी होते. तुमच्या सत्रात त्याला दर फेरीला दोन तडाखेही मिळत होते आणि दर फेरीला लपलेपणही फुकट मिळत होतं. म्हणून तो पुस्तकात आहे त्याच्या दुप्पट जड गेला. यात तुमचा हेतू चुकीचा नव्हता. पण खेळाडू चिडला तो याच हिशोबावर, आणि त्याचं चिडणं न्याय्य होतं.

नियमात तुमची बाजू आहे ती अशी. ‘लपला नाही म्हणजे जागा कळली’ हे नेहमी खरं धरायला पुस्तक कुठेही सांगत नाही. आवाजावरून जागा ओळखता येते, आणि आवाज ऐकू येईल का हे अंतरावर आणि गोंगाटावर अवलंबून असतं. धबधब्याशेजारी लढाई चालू असेल, तर तरंगणारा स्टॉकर चाळीस फुटांवर ऐकू यावा असा हट्ट कुणी धरू नये. डीएमच्या स्क्रीनवर, म्हणजे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आडपडद्यावर, आवाजाच्या पल्ल्याचा एक छोटा तक्ता छापलेला आहे आणि मी तो सतत वापरतो. शांत राहायचा प्रयत्न करणारा प्राणी दोन सहा-बाजूंचे फासे गुणिले पाच फुटांपर्यंत ऐकू येतो, नेहमीसारखा आवाज करणारा त्याच दोन फाशांच्या दहापट फुटांपर्यंत, आणि फार मोठा आवाज पन्नासपट फुटांपर्यंत. दोन फाशांची सरासरी सात, म्हणजे पस्तीस, सत्तर आणि साडेतीनशे फूट. स्टॉकर तडाखे मारून पन्नास फूट सरकला की मी पडद्यामागे दोन फासे टाकतो. गुणाकार पन्नासपर्यंत पोचला तर त्याची जागा सांगतो, नाही तर ‘तो उत्तरेला गेला, त्यापुढे आवाज विरला’ एवढंच. म्हणजे दूर गेलेला हरवू शकतो आणि जवळचा सापडतो. ॲक्शनचा हिशोब कायम राहतो आणि भीतीही टिकते. तुमची आणि तुमच्या खेळाडूची तडजोड इथे होऊ शकते असं मला वाटतं.

नियमापेक्षाही जास्त फरक पडतो तो डीएम हे सांगतो कसं यावर. ‘तो या चौकोनात आहे’ असं म्हणून नकाशावर बाहुली ठेवलीत तर अदृश्यतेची सगळी मजा जाते. ‘तुम्हाला माहीत नाही’ म्हणालात तर खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. मधली वाट अशी, की खूण सांगायची आणि चौकोन खेळाडूने स्वतः दाखवायचा. आमच्याकडे एकदा जुन्या मनोऱ्यातल्या धान्याच्या कोठारात असाच स्टॉकर होता. क्लेरिकला, म्हणजे पुजारी पात्राला, तडाखा बसला, मग स्टॉकर सरकला. मी म्हटलं, ‘डावीकडच्या तिसऱ्या खांबावरच्या दिव्याची ज्योत आडवी झाली, परत सरळ झाली, आणि खांबापलीकडच्या पोत्यावरची धूळ उडाली.’ फायटर खेळणारी मुलगी खुर्चीतून उठली, वाकून नकाशाकडे पाहिलं, दिव्यापासून पोत्यापर्यंत बोट फिरवलं आणि पोत्याच्या अलीकडच्या चौकोनावर बोट टेकवलं. ‘इथे.’ फासे टाकले, १४ आणि ११. लहान धरला, अधिक सात, अठरा. स्टॉकरचा आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा, १४. घाव लागला. नियमाच्या भाषेत तिला चौकोन आधीच माहीत होता, मी तो सांगितलाच होता. पण त्या शनिवारी घरी जाताना ती ‘मी त्याला शोधून काढलं’ असं म्हणत गेली, आणि ते अगदी खरं होतं.

अशा खुणा आयत्या वेळी सुचत नाहीत. मी प्रत्येक खोलीसाठी आधीच चार-पाच लिहून ठेवतो: पायाखाली काय आहे, हवेत काय लटकतंय, काय हललं तर वाजेल, पाणी कुठे साचलंय. स्टॉकर हवेचा प्राणी आणि तरंगतो, त्यामुळे चिखलातले ठसे तिथे कामाचे नाहीत. ज्योत, पडदा, कोळीष्टकं, धूळ, पानं यांच्याकडे बघा. चालत जाणारा अदृश्य जादूगार असेल तर चिखल, वाळू, करकरणाऱ्या फळ्या, ओल्या दगडावरची पावलं.

आणखी एक सवय लावून घ्या. अदृश्य प्राणी खरा कुठे आहे ते दर फेरीला पडद्यामागे चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मांडा. डोक्यात ठेवू नका. डोक्यातला स्टॉकर नकळत सोयीच्या जागी सरकतो, खेळाडूने बरोबर चौकोन सांगितला की तो शेजारी असल्याचं आपल्याला ‘आठवतं’. वही असली की आपण प्रामाणिक राहतो, आणि लढाई संपल्यावर ती खेळाडूंना दाखवता येते. खरा लपलेला असताना खेळाडूने अंदाजाने चौकोन सांगितला तर त्याला फासे टाकू द्या, हल्ला नेहमीसारखा सोडवा आणि वार चुकला तर फक्त ‘लागलं नाही’ म्हणा. चौकोन चुकला की नेम चुकला, हे सांगायचं नसतं. पुस्तकाचीही तीच सूचना आहे.

लपलेला प्राणी शोधायला सर्च ॲक्शन आहे: विजडम या गुणावरचा पर्सेप्शनचा (सावधपणाचा) फासा, त्याच्या स्टेल्थच्या बेरजेविरुद्ध. नवे डीएम इथे एक चूक करतात. न लपलेल्या प्राण्यासाठीसुद्धा ते दर फेरीला सर्च मागतात आणि खेळाडूची अख्खी ॲक्शन खातात. तसं नको. न लपलेला तर ऐकूच येतोय. लपलेल्यासाठीही आधी पॅसिव्ह पर्सेप्शनशी तुलना आपोआप होते. तिथे हुकलं तरच सर्च. आणि एकाने शोधला की त्याने ओरडून सांगावं. फेरीत दोन शब्द बोलायला ॲक्शन लागत नाही. ‘विहिरीच्या काठावर!’ असं ऐकलं की बाकीच्यांनाही चौकोन कळला, नेम मात्र डिसॲडव्हांटेजनेच. चौघांतल्या एकीने सर्च करायचं आणि तिघांनी तिच्या शब्दावर वार करायचे, ही पद्धत कमी लेव्हलच्या गटाला फार उपयोगी पडते.

पिठाचा प्रश्न कुणीतरी काढणारच. प्रत्येक गटात एक जण पिठाची पिशवी विकत घेतोच, आणि मला ते आवडतं. पाचव्या आवृत्तीत यासाठी छापील नियम नाही. तीन-पाचमध्ये अदृश्य वस्तूला पीठ फासून ती कुठे आहे यावर लक्ष ठेवता येतं असं स्पष्ट म्हटलं होतं, पीठ झडेपर्यंत. माझा निवाडा असा: पिशवी फोडून फेकायला एक ॲक्शन, पाच फुटांचा एक चौकोन, डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) १२. सेव्ह चुकली तर एक मिनिट किंवा त्याने स्वतःची ॲक्शन खर्च करून अंग झटकेपर्यंत त्याची जागा सगळ्यांना माहीत, आणि त्याला लपता येत नाही. पण हल्ल्यावरचा डिसॲडव्हांटेज तसाच. पिठाचा अर्धवट ठिपका दिसतो, त्याचा हात कुठे आणि मान कुठे हे दिसत नाही. डिसॲडव्हांटेजही काढून टाकलात तर दोन पैशांचं पीठ फेअरी फायर मंत्राच्या पंक्तीला बसेल, आणि ज्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राने) तो मंत्र तयार ठेवला तिच्यावर अन्याय होईल. फेअरी फायर पहिल्या लेव्हलचा, वीस फुटांच्या घनातल्या सगळ्यांना सेव्ह, चुकले ते उजळून निघतात, त्यांना अदृश्यतेचा फायदा मिळत नाही आणि वर त्यांच्यावरच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज. पहिल्या लेव्हलला याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही. तुमच्या गटात बार्ड (जादू जाणणारा भाट) किंवा ड्रुइड असेल तर शनिवारच्या आधी त्यांच्या कानावर घाला.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. डिटेक्ट मॅजिकने अदृश्य माणूस सापडतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. तीस फुटांत जादू आहे एवढं जाणवतं. आभा बघायची तर ती दिसणाऱ्या प्राण्याभोवती किंवा वस्तूभोवतीच दिसते. अलार्म मंत्र मुक्कामाला उत्तम: आठ तास, वीस फुटांचा घन, आत शिरणारा अदृश्य असला तरी वाजतो. पंचवीस सोन्याच्या नाण्यांत मॅस्टिफ कुत्रा मिळतो. वासावर आणि आवाजावर त्याला ॲडव्हांटेज, म्हणजे पॅसिव्ह पर्सेप्शन तेराचं अठरा धरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला तुमच्या रेंजरपेक्षाही तो चांगला पहारेकरी. फायरबॉलला समोरचा दिसावा लागत नाही, फक्त जागा ठरवावी लागते. वीस फूट त्रिज्येत चौकोनाचा अंदाज चुकला तरी चालतो. ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय जाणवणं) आणि ट्रूसाइट (जादूपलीकडचं दिसणं) असलेल्या प्राण्यांपुढे त्यांच्या पल्ल्यात अदृश्यता चालत नाही. ट्रेमरसेन्सला जमिनीतली कंपनं कळतात, उडणाऱ्या स्टॉकरवर त्याचा उपयोग नाही.

सी इनव्हिजिबिलिटीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. अदृश्य गोष्टी दाखवणारा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, एक तास टिकतो, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत त्यावर लक्ष ठेवणं, लागत नाही. पण २०१४च्या शब्दरचनेत हल्ल्याचा ॲडव्हांटेज-डिसॲडव्हांटेज ‘दिसत नाही म्हणून’ असा जोडलेला नाही, तो ‘अदृश्य आहे म्हणून’ असा लिहिलेला आहे. अक्षराला धरून वाचलं तर मंत्र टाकून तुम्हाला स्टॉकर स्वच्छ दिसतो, तरी तुमच्या वाराला डिसॲडव्हांटेज राहतोच. यावर वर्षानुवर्षं वाद झाले. मी पहिल्या दिवसापासून हे मानलेलं नाही. ज्याने मंत्राचा स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांतला एक) खर्चून डोळे उघडले त्याला उघड्या डोळ्यांचा फायदा मिळालाच पाहिजे. २०२४च्या नव्या पुस्तकात ते दुरुस्तही झालं आहे: ज्याला तुम्ही कशानेही दिसता, त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही असं तिथे सरळ लिहिलं आहे. तुम्ही २०१४वर खेळत असलात तरी एवढी ओळ तिकडून उचला.

पण २०२४चं सगळंच उचलू नका. तिथे लपणं आणि अदृश्य असणं एकाच नावाखाली आणलं आहे. आडोशाला जाऊन डीसी १५चा स्टेल्थ फासा जिंकला की तुम्हाला ‘अदृश्य’ स्थितीच मिळते, आणि तुमची बेरीज ही तुम्हाला शोधणाऱ्याची डीसी बनते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, बोलून म्हणायचा मंत्र टाकला किंवा शत्रूने शोधलं की ती जाते. लपण्याचा हिशोब यामुळे सोपा झाला हे मान्य. पण आवाज आणि खुणांचं ते जुनं वाक्य अदृश्य स्थितीच्या वर्णनातून गेलं. नव्या डीएमला ‘दिसत नाही, पण सापडतो’ हे शिकवणारी तीच एक ओळ होती, आणि मला तिची उणीव जाणवते.

वाद टाळायचा तर पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती एकदा वाचा, खेळत नसलात तरी. २०१९च्या त्या पुस्तकात माझे वरचे तीन प्रश्न नावं देऊन वेगळे केलेत. नीट दिसणारा तो ऑब्झर्व्ड. चौकोन माहीत पण दिसत नाही तो हिडन. त्याच्यावर वार करताना आधी डीसी ११चा कोरा, काहीही अधिक न मिळवलेला फासा, म्हणजे पन्नास टक्के. चौकोनच माहीत नाही तो अनडिटेक्टेड. इथे कुणी आहे याचीच कल्पना नाही तो अननोटिस्ड. आणि इंद्रियांचेही दर्जे: माणसाची नजर अचूक, कान ढोबळ, नाक अंधूक. ढोबळ इंद्रियाने फार तर हिडनपर्यंत पोचता येतं, त्यापुढे नाही. सगळ्यांच्या समोर अदृश्य झालेला माणूस लगेच अनडिटेक्टेड होत नाही, हिडनच राहतो. गुपचूप सरकायचा प्रयत्न जमला तरच हरवतो. मी पाचव्या आवृत्तीचा खेळ चालवतानासुद्धा मनात हीच नावं धरतो. वहीत स्टॉकरच्या पुढे ‘हि’ किंवा ‘अ’ असं एक अक्षर लिहितो. ते अक्षर पाहिलं की खेळाडूला काय सांगायचं हे लगेच ठरतं.

जुन्या पुस्तकांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलेला दिसतो. १९७९च्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डीएम मार्गदर्शकात अदृश्य प्राणी जाणवण्याची टक्केवारी लेव्हल आणि इंटेलिजन्सवर ठरवलेली होती. अनुभवी माणसाला चाहूल लागते, नवख्याला नाही, हा त्यातला विचार मला आजही पटतो. तीन-पाचमध्ये तीस फुटांतला हालचाल करणारा अदृश्य प्राणी ‘आहे’ एवढं कळायला स्पॉट या नजरेच्या कौशल्याची डीसी २०, आणि चौकोन कळायला आणखी वीस, म्हणजे ४०. चौकोन कळला तरी पन्नास टक्के वार वाया. शेजारचे दोन चौकोन हातांनी चाचपडायचीही सोय होती, एक स्टँडर्ड ॲक्शन देऊन. ती मी पाचव्यातही ठेवली आहे: ॲक्शन द्या, लगतच्या दोन चौकोनांत तलवारीचं टोक फिरवा, कुणी असेल तर नेहमीसारखा डिसॲडव्हांटेजने फासा टाका, लागलं तर इजा नाही पण जागा कळली. खरा लपलेला शत्रू असताना ज्याचं पर्सेप्शन वाईट आहे अशा बार्बेरियनलाही (रानटी योद्ध्यालाही) काहीतरी करायला मिळतं.

हेच नियम खेळाडूंनाही लावा. तुमच्या विझर्डने (जादूगाराने) प्लेट चिलखत घातलेल्या पॅलॅडिनवर (धर्मयोद्ध्यावर) इनव्हिजिबिलिटी टाकली, तर पॅलॅडिन दिसत नाही, पण प्लेटमुळे त्याच्या स्टेल्थला डिसॲडव्हांटेज आहेच. पुस्तकातला साधा पहारेकरी, पॅसिव्ह पर्सेप्शन १२, त्याला चिलखताची खणखण ऐकू येईल. तो ‘कोण आहे तिकडे?’ म्हणेल, भाला पुढे धरेल आणि घंटेकडे धावेल. खेळाडूंना हे एकदा स्वतःवर अनुभवायला मिळालं, की स्टॉकरबद्दल ते तुमच्याशी भांडत नाहीत.

आता शनिवार. सत्र सुरू करण्याआधी पाच मिनिटं घ्या आणि सांगा, की मागच्या वेळी मी लपणं आणि अदृश्य असणं एक धरलं होतं, आज वेगळं धरणार. एवढं पुरे, मागची लढाई परत खेळायची गरज नाही. आवाजाच्या पल्ल्याचा तक्ता त्यांच्यासमोरच ठेवा, म्हणजे दूर गेलेला स्टॉकर का हरवला हे त्यांना कळेल. स्टॉकरला आलटून-पालटून खेळवा: एका फेरीत तडाखे आणि पन्नास फूट माघार, पुढच्या फेरीत लपणं आणि नवीन बाजूने येणं. खोली अशी निवडा जिथे हवा दिसते. वाळत घातलेली धोतरं-साड्या असलेलं धोब्याचं अंगण, कागदांनी भरलेलं ग्रंथालय, मेणबत्त्यांचं देऊळ. धोब्याचं अंगण मी स्वतः वापरलेलं आहे. चार दोऱ्यांवर कपडे, वारा पडलेला, आणि तिसऱ्या दोरीवरची एकच चादर हलते. तेवढं सांगा आणि गप्प बसा. कोण कुठल्या चौकोनावर बोट ठेवतं ते बघा.